तुम्ही विचारलंत म्हणून: ताई, एवढं सगळं ऐकून घेतलंत कसं?

हा प्रश्न आता इतक्या जणींनी विचारलाय की एकदा नीट लिहूनच टाकते. कोणी काळजीने विचारतं, कोणी चिडून विचारतं की ख्रिस्ती माणसाने काय कायम ऐकूनच घ्यायचं का, आणि मला दोघींचंही समजतं कारण मीही हेच प्रभूला विचारलंय, रात्र रात्र रडत.

झालं असं की ज्या मैत्रिणीबरोबर मी नऊ वर्षं प्रार्थना केली तिला माझ्या घरातली एक गोष्ट विश्वासाने सांगितली होती. थोड्याच दिवसांत ती "प्रार्थनेचा विषय" म्हणून सगळीकडे पोचली, आणि मग एका मीटिंगमध्ये एक जण सगळ्यांदेखत म्हणाले की जिला स्वतःचं घर सांभाळता येत नाही ती आमच्या मुलांना संडेस्कूलमध्ये काय शिकवणार. मी काही बोलले नाही. सगळ्यांना वाटलं केवढा संयम. पण तो संयम नव्हता हो, माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. खरी परीक्षा घरी आल्यावर होती आणि तिथे मी चुकले, मी दुसऱ्या एकीला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला आणि त्यात त्या मैत्रिणीची एक गोष्ट बोलून गेले जी तिने मला तशाच विश्वासाने सांगितली होती. म्हणजे तिने जे केलं तेच मी केलं, एका रात्रीत.

म्हणून सांगते, मला यात मोठं समजू नका. बायबलच्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात, अध्याय २३ मध्ये, मुख्य याजक हनन्या प्रेषित पौलाच्या तोंडात मारायला सांगतो तेव्हा पौल ताडकन म्हणतो, देव तुलाच मारेल, चुना लावलेल्या भिंती! आणि हा मुख्य याजक आहे हे कळल्यावर तिथेच सगळ्यांसमोर शास्त्रवचन सांगून शब्द मागे घेतो. पौलाचंही असं होतं तर.

मला उलगडा झाला तो १ पेत्र २:२३ मधून. ते वचन मला लहानपणापासून पाठ होतं पण अर्धंच, की येशूची निंदा झाली तेव्हा त्याने उलट निंदा केली नाही. पुढचा भाग मी कधी थांबून वाचलाच नव्हता, की त्याने स्वतःला नीट न्याय करणाऱ्याच्या हाती सोपवलं. सोपवलं. गप्प बसणं वेगळं आणि सोपवणं वेगळं. नुसती गप्प बसले तर केस माझ्याकडेच राहते आणि मी रोज ती मनात चालवते, साक्षीदार बोलावते, निकाल देते, शिक्षा सुनावते, आणि झोप माझीच जाते. सोपवली की ती दुसऱ्या कोर्टात गेली, आणि तिथला न्यायाधीश सगळं पाहून बसलाय, माझा व्हॉइस मेसेज धरून.

आणि सोपवताना गोड बोलायची गरज नाही हे मला स्तोत्र ५५ ने शिकवलं. त्यात दावीद राजा म्हणतो शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं, पण तू तर माझा जिवलग, आपण सोबत देवाच्या घरी जायचो. पुढे तर त्यांना मरण गाठो म्हणतो. हे सगळं बायबलमध्ये आहे! पण तो ते देवाला सांगतो, गावभर नाही. मी ते स्तोत्र दार बंद करून मोठ्याने वाचलं, कितीतरी दिवस.

दावीद मला यात फार जवळचा वाटतो कारण तोही शिकत गेला. तरुणपणी नाबाल नावाच्या श्रीमंत माणसाने एकदा पाणउतारा केला तर हा चारशे माणसं घेऊन तलवार बांधून निघाला, नाबालाची बायको अबीगईल आडवी आली म्हणून वाचला, तिने सांगितलं की उद्या राजा होशील तेव्हा या रक्ताचं ओझं मनावर नको. आणि तोच दावीद पुढे बंड केलेल्या स्वतःच्या मुलापासून, अबशालोमापासून, पळत असताना शिमी नावाचा माणूस शिव्या देत दगड मारत सोबत चालतो, दावीदाचा सरदार अबीशय म्हणतो याचं मुंडकं उडवतो, तर दावीद म्हणतो राहू दे, कदाचित परमेश्वर माझं दुःख पाहील. माझी अबीगईल म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या एवढंच म्हणाल्या, उत्तर द्यायचंय ना, दे, पण आज नको. त्या एका वाक्याने मी पुढचे चार मेसेज पाठवायची थांबले.

मग मत्तय १८ मध्ये सांगितलंय की ज्याने चूक केली त्याला एकट्याने जाऊन भेट, त्याप्रमाणे मी एकटीच त्या मैत्रिणीला भेटायला गेले. आधी माझ्या चुकीची माफी मागितली, मग तिने काय केलं ते स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली मी तर प्रार्थनेसाठीच सांगितलं होतं. बस. रडणं, मिठी, असं काही झालं नाही. मी तिला क्षमा केली आहे पण आता तिला मनातलं सांगत नाही, आणि यात मला काही चूक वाटत नाही. योसेफाने त्याला विकून टाकणाऱ्या भावांना धान्य दिलं, पैसे परत गोण्यांत ठेवले, बाजूला जाऊन रडलाही, पण ओळख लगेच नाही दिली, धाकट्या बन्यामिनाशी ते कसे वागतात ते आधी पाहिलं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला "दुसरा गाल पुढे कर" सांगणाऱ्यांचा मला खूप राग येतो. त्या वचनात उजवा गाल म्हटलंय, आणि उजव्या गालावर मारायचं तर उजवा हात उलटाच मारावा लागतो, म्हणजे येशू तिथे अपमानाबद्दल बोलतोय, जीव धोक्यात घालून राहा असं नाही म्हणत. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद तिथून निघाला, रात्री त्याची बायको मीखलने त्याला खिडकीतून उतरवलं. आणि स्वतः येशूला चापट मारली तेव्हा त्याने सरळ विचारलं, मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारतोस? उलट हात नाही उचलला, शिवी नाही दिली, पण प्रश्न विचारला. म्हणून बहिणींनो, मार खात असाल तर आधी सुरक्षित जागी जा, पोलिसांत जायचं तर जा. पौलानेही कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली होतीच.

बाकी माझं म्हणाल तर ती मैत्रीण अजून दर रविवारी दिसते आणि अजून पोटात गोळा येतो. मी थांबून तिच्या आईची तब्येत विचारते, ती सांगते. घरी जाताना पुन्हा सोपवते, एखाद्या रविवारी दोनदा.