बाईंचं गॅदरिंग

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आमच्या नगरच्या घरात जेवणाच्या ताटाशेजारी एक वही यायची. आईची गॅदरिंगची वही. तिच्यात नाचगाण्यांची यादी नसायची. वर्गाचा हजेरीपट जसाच्या तसा उतरवलेला असायचा आणि प्रत्येक नावापुढे रिकामी जागा. त्या जागा भरल्याशिवाय कार्यक्रम ठरतच नसे. बाकीच्या बाई आधी नाच बसवायच्या आणि मग त्यात शोभतील अशी मुलं निवडायच्या. आईचं उलटं. आधी मुलं, मग त्या सगळ्यांना पुरेल असं काहीतरी. त्यामुळे तिच्या नाटुकल्यांत झाडं फार असत. झाडं, ढग, विहिरीचा काठ, एकदा तर दोन मुलं मिळून रहाट झाली होती. पण रहाटालाही एक वाक्य होतं. "मुक्यानं कुणी उतरायचं नाही," हा तिचा नियम.

मी त्याच शाळेत आणि काही काळ तिच्याच वर्गात होते. शाळेत 'बाई' म्हणायचं, फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'आई'. सराव लांबला आणि मी कुरकुरत "बाई, भूक लागली" म्हटलं, तर ती इतर मुलांना सांगायची तेच मलाही सांगायची, "पाणी पी आणि जागेवर उभी राहा." घरी पोचल्यावर मात्र गूळ-पोळी हातात यायची.

आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली इथे आले, तेव्हापासूनची ही मंडळी. आमच्या उपासनेत पेटी, तबला, टाळ हे सगळं नेहमीचं. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळ्यांनी इथे ख्रिस्ती कीर्तनं केली, पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले, आणि आई ते भाकरी थापताना म्हणायची. टिळक आमच्या घरात दोन वाटांनी येत. रविवारी देवळातून, म्हणजे चर्चमधून, आणि सोमवारी मराठीच्या पुस्तकातून, पारध्याच्या बाणानं घायाळ झालेल्या त्या पक्षिणीच्या कवितेतून. पिलांकडे ओढ घेणारी ती पक्षीण शिकवताना शेवटाकडे आई फळ्याकडे तोंड करून उगाच काहीतरी पुसत बसायची. पुसण्यासारखं फळ्यावर काही नसायचं.

तिची श्रद्धा म्हणजे बोलून दाखवायची गोष्ट नव्हती. शाळेत सरस्वतीच्या फोटोला हार घालायची वेळ आली की ती इतरांसोबत उभी राहायची; कुणी तिला कधी काही विचारलं नाही, तिनंही कधी खुलासा केला नाही. पहाटे मात्र डोक्यावर पदर घेऊन खाटेशी गुडघे टेकायची आणि प्रार्थनेत मुलांची नावं घ्यायची. तीही हजेरीपटाच्या क्रमानं! आधी मुलगे, मग मुली, आडनावाच्या अक्षराप्रमाणे. मी तिच्या वर्गात होते तेव्हा माझं नावही मध्ये कुठेतरी, आपल्या नंबरावरच यायचं. अंथरुणात पडल्यापडल्या मी त्याची वाट बघायची आणि बऱ्याचदा त्याआधीच डोळा लागायचा. एखादं मूल चारपाच दिवस शाळेत आलं नसेल तर त्या नावापाशी ती जरा रेंगाळायची, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन यायची. प्रार्थना आणि चौकशी यात तिच्या लेखी फारसं अंतर नव्हतं.

चर्चच्या रविवारच्या शाळेत नाताळला येशूजन्माचं नाटुकलं बसायचं, तिथेही हीच वही आणि हाच हट्ट. मैद्याची खळ शिजवायची, पुठ्ठ्याचे पंख कापायचे, मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या, मुकुटांना बेगड चिकटवायची. घोंगड्या मात्र खऱ्या. नगर जिल्ह्यात घोंगडीला काय तोटा? मेंढपाळ इतके असत की मेंढ्यांना जागा उरत नसे. उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, जागा नव्हती हे बायबलातलं वाक्य आमच्याकडे अगदी पटायचं, कारण तिथे निम्मी रविवारची शाळा उभी असायची.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे सावित्रीबाईंचा प्रवेश. 3 जानेवारीची जयंती जवळच असायची, म्हणून तो सगळेच करत. पण इतरांच्या प्रवेशात शेण फेकणारी माणसं आणि पिशवीतलं दुसरं लुगडं एवढंच असायचं. आईच्या प्रवेशात आधी नगर यायचं. सिंथिया फरार ही अमेरिकेतली अविवाहित शिक्षिका 1827 साली मुंबईला उतरली, मग नगरला आली, मुलींना शिकवत राहिली आणि 1862 मध्ये इथेच वारली. 1848 साली ज्योतीरावांनी तिची शाळा पाहिली, आणि त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं तेही फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे. हे आपल्या गावात घडलं आणि आपल्याच पोरांना माहीत नाही, याचा आईला राग होता. म्हणून फरारबाई झगा घालून यायची, वर्गात भरपूर मुली बसायच्या, आणि प्रत्येकीला एकेक अक्षर म्हणायला मिळायचं. बाराखडी संपेपर्यंत पाहुणे घड्याळ बघू लागत. एका वर्षी तिला सांगण्यात आलं की वेळ कमी आहे, निवडक मुलं घ्या. ती म्हणाली, "मग आमचा कार्यक्रम पहिला ठेवा." पहिला नंबर कुणालाच नको असतो, तेव्हा लोक अजून सतरंजीवर जागा शोधत असतात. तिनं तो आनंदानं घेतला आणि पुढेही कायम तोच मागितला.

एक मुलगा बोलताना फार अडखळायचा. त्याला तिनं वाक्य दिलंच नाही, ओवी दिली. गाताना तो अडखळत नाही हे तिनं प्रार्थनेच्या तासाला हेरलं होतं. तो पुढे घडाघडा बोलायला लागला वगैरे काही झालं नाही. आजही अडखळतो. ओवी मात्र एका दमात म्हणतो.

निवृत्तीनंतर माजी विद्यार्थ्यांच्या मंडळानं तिला दर जानेवारीत बोलवायला सुरुवात केली. शाल-श्रीफळ तिला नको असायचं. शाल घेतली की येताना वाटेतच कुणाला तरी देऊन टाकायची. तिला हजेरी घ्यायची असायची. डोकीची चांदी झालेली माणसं "हजर बाई" म्हणत उभी राहायची, आणि आलं नाही त्याच्याबद्दल शेजारच्यानं सांगायचं, कुठे असतो, काय करतो, बरा आहे का. हे सांगता आलं नाही तर तिचा चेहरा पडायचा. त्या धाकानं लोक वर्षभर एकमेकांना फोन करून ठेवू लागले.

ती गेल्यावरही मेळावा होतो. हजेरी आता कुणीही घेतं. पुरीभाजी, जिलेबी, ती ओवी, आणि मग भांडणं. गेल्या खेपेला फरारबाईचा झगा कुणाच्या साडीचा शिवला होता यावरून दोन पन्नाशीच्या बायका हमरीतुमरीवर आल्या. दोघींचंही म्हणणं एकच, साडी आपल्याच आईची. माझ्या आठवणीप्रमाणे तो आमच्या पुढच्या खोलीचा पडदा होता, आणि तो गेल्यावर आई वर्षभर खिडकीला जुनी चादर लावत होती. दोघी इतक्या रंगात आल्या होत्या की मी आपली जिलेबी खात बसले.