४३ पॉइंटनी जिंकलो, तरी माझी कुरकुर चालूच

आधीच सांगून टाकतो, पैज मी हरलोय. कॉलेजच्या गेटसमोरच्या टपरीवर शुक्रवारी लागली होती, काकांसोबत. काका म्हणजे आमच्या सेंटरचे, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या पोरीचे वडील, अमळनेरकडचे, घरची कापसाची शेती, आणि पोरगी खेळायला लागल्यापासून बास्केटबॉलचं असं वेड लागलंय की वेचणीचे दिवस असले तरी मॅच चुकवत नाहीत. ते म्हणाले आपण जिंकू, मी म्हणलं दहाने हरू. शेवभाजी लागली. रविवारी नंदुरबारला जाऊन आमच्या पोरींनी ७१-२८ मारली भो. एकाहत्तर अठ्ठावीस! मी स्कोअरशीटवर दोनदा बघितलं.

आता मी हरू असं का म्हणलं, तर त्याला कारण होतं, उगाच अपशकुनी नाहीये मी. मागच्या वर्षी याच ग्राउंडवर आपण १६ ने हरलो होतो आणि ते मी डोळ्याने बघितलंय. एक तर सिमेंटचं उघडं कोर्ट, बारीक वाळू असते वरून, बूट सरकतो, ड्रिबल मारला की बॉल कधी गुडघ्याएवढा तर कधी कमरेएवढा. आपलंही कोर्ट काही लाकडाचं नाही पण आपल्या खड्ड्यांची आपल्याला सवय आहे, त्यांच्या खड्ड्यांची त्यांना. त्यात नंदुरबारला मिरचीचा सीझन. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत टाकलेली असते, एकरच्या एकर लाल, आणि वारा तिकडून सुटला की बाहेरच्या माणसाला ठसका लागलाच म्हणून समजा. तिथल्या पोरांना काहीच होत नाही. मागच्या वर्षी आमची एक पोरगी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट टाकताना शिंकली होती, हसू नका, खरंच शिंकली होती आणि बॉल बोर्डालाही लागला नाही.

आणि पहाटेची सुरत लाइनची गाडी, थंडीत कुडकुडत, डब्यात बसायला जागा नाही, अर्ध्या पोरी बॅगांवर बसून आलेल्या. अशा टीमवर पैसे कोण लावेल? काकांनी लावले.

अमेरिकेत कॉलेजच्या मॅचेस होम आणि अवे, म्हणजे एक आपल्याकडे एक त्यांच्याकडे, अशा ठरवून होतात, ड्यूक युनिव्हर्सिटीचं कॅमेरॉन नावाचं जुनं इनडोअर आहे, साधारण ९,३०० माणूस बसतं आणि पोरं कोर्टाला इतकी चिकटून उभी असतात की बाहेरून बॉल आत टाकणाऱ्याच्या पाठीला त्यांचे हात लागतील की काय असं वाटतं. आपल्याकडे कसलं होम आणि कसलं अवे. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून एक विद्यापीठ, ज्याने बोलावलं त्याच्या ग्राउंडवर जायचं. पण होम क्राउड आपल्याकडेही असतो बरं का. दीडदोनशे पोरं, एक ढोल, आणि एक आजोबा खुर्ची घेऊन कोर्टाच्या कोपऱ्यात. त्या आजोबांचं पुढे सांगतो.

मॅच पहिल्या क्वार्टरमध्येच संपली खरं तर. २४-४. कशी, ते नीट सांगतो, कारण ग्रुपवर सगळे नुसतं "पोरींनी फोडलं" एवढंच लिहून राहिले, आणि फोडलं म्हणजे काय ते कोणी सांगत नाही. सरांनी पहिल्या मिनिटापासून फुल कोर्ट प्रेस लावला. म्हणजे आपण बास्केट केली की मागे पळायचं नाही, तिथेच त्यांच्या रिंगखाली त्यांना घेरायचं. नियम असा की बॉल आत टाकायला ५ सेकंद, आणि आत आला की ८ सेकंदात अर्ध्या रेषेपलीकडे न्यायचा. ऐकायला ८ सेकंद भरपूर वाटतात. तुमच्या अंगावर दोन पोरी धावून आल्या, समोर पास द्यायला कोणी मोकळं नाही आणि बॉल खालच्या वाळूवर सरकतोय, मग ८ सेकंद म्हणजे काहीच नाही. त्यांची रेग्युलर पॉइंट गार्ड आलेलीच नव्हती, घरी लग्न होतं म्हणे, तिच्या जागी एक फर्स्ट इयरची पोरगी बॉल आणत होती. तिला बिचारीला आमच्या चार नंबरच्या जर्सीवालीने असं पकडलं की पहिल्या सहा मिनिटांत चार वेळा तरी बॉल हातातून गेला, आणि प्रत्येक वेळी तिथल्या तिथे लेअप, म्हणजे रिंगखालून सोपी बास्केट.

ही आमची चार नंबर. पाच फूट असेल नसेल. पॉइंट किती केले तर ६. ग्रुपवर फोटो कोणाचा फिरतोय तर काकांच्या पोरीचा, ११ नंबरचा, कारण तिने १८ केले आणि ती उंच दिसते फोटोत. माझा तिच्यावर राग नाही, चांगली खेळली, रिंगखाली तिला कोणी हलवू शकलं नाही. पण ते १८ आले कुठून? दहा तरी चार नंबरने हिसकावून आणून दिले. आमचा चष्मिष्ट आहे ना, बीएस्सीचा पोरगा, दर मॅचला वही घेऊन बसतो, त्याच्या वहीत चार नंबरचे ११ स्टील, म्हणजे हिसकावलेले बॉल आहेत. अकरा! आमच्या वेळी एका मॅचला तीन झाले तर सर चहा पाजायचे.

(आमच्या वेळी जर्सीचे नंबरच मुळात ४ ते १५ असायचे, १, २, ३ मिळायचेच नाहीत, कारण रेफरी फ्री थ्रो आणि पॉइंट बोटांनी दाखवायचा आणि घोळ व्हायला नको. आता पाहिजे तो नंबर घेता येतो, तरी आमच्या कॉलेजात गार्डने चार नंबर घ्यायचा हे अजून चालू आहे. मीही चारच होतो. म्हणून कदाचित मला तीच जास्त दिसते, हे मान्य.)

हाफ टाइमला ४१-११. ढोल बंद. तिसऱ्या क्वार्टरनंतर ६०-१९ झालं आणि मग सरांनी पाचही मेन पोरी बसवल्या, बेंचवरच्या सगळ्या उतरवल्या, आणि सांगितलं प्रेस बंद, मागे या, पाच पास झाल्याशिवाय कोणी शॉट मारायचा नाही. शॉट मारायला २४ सेकंद असतात, पण तिथे ते दाखवणारं शॉट क्लॉक वगैरे काही नाही, एक सर स्टॉपवॉच घेऊन उभे, ते शेवटचे पाच सेकंद मोठ्याने मोजायचे. तर आमच्या पोरी इकडून तिकडे तिकडून इकडे पास देतायत, २४ सेकंद संपले, बॉल त्यांना. परत तेच. आणि इथे ते खुर्चीवाले आजोबा उठले ना भो. काठी वर करून म्हणतात, "आमन्या पोरीसले न्हान्या समजतस का? नीट खेया!"

सगळं ग्राउंड हसलं, पण मला काही हसू आलं नाही, कारण माणूस बरोबर बोलत होता. त्यांच्या पोरी अजून धावत होत्या, ती फर्स्ट इयरची गार्ड तर शेवटपर्यंत पळाली, आणि आपण समोर बॉलची फुगडी खेळत होतो. सर काही न बोलता दोन मिनिटं उभे राहिले आणि मग हाताने खूण केली, खेळा. प्रेस नाही लावला पण शॉट मारायला लागल्या. शेवटचा क्वार्टर ११-९ झाला, आणि त्या ९ मधले ४ त्या गार्डचे. त्यातल्या एकाला तर आमच्या चार नंबरने बेंचवरून टाळी वाजवली.

मॅचनंतर त्यांनीच पोहे-चहा दिला. त्यांचे सर आमच्या सरांना म्हणाले पुढच्या वेळी लग्नाची तारीख बघून बोलावतो.

परतीच्या गाडीत खरी मॅच सुरू झाली. रनाळे जाईपर्यंत सगळे आपापले फोटो बघत होते. दोंडाईच्यापासून भांडण. आमचा गॅरेजवाला मित्र, तोही जुना खेळाडू, त्याचं म्हणणं की सरांनी चूक केली, चौथ्या क्वार्टरमध्येही मेन टीम ठेवायला पाहिजे होती, शंभर करायचे होते, म्हणजे विद्यापीठाच्या स्पर्धेआधी सगळ्या कॉलेजांच्या पोटात गोळा आला असता. काका म्हणे बरोबर केलं, पोरी पहाटेपासून उपाशी, पाय मोडून घ्यायचा होता का. दोन फर्स्ट इयरच्या पोरींना या सगळ्याशी काहीच घेणं नव्हतं, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मॅचमध्ये उतरायला मिळालं होतं आणि त्यातल्या एकीने बास्केट केली होती, ती दर स्टेशनला कोणालातरी फोन करून तेच सांगत होती. शिंदखेड्याला मावशीला, नरडाण्याला मैत्रिणीला.

मग गॅरेजवाला म्हणाला, आता लिहून घ्या, विद्यापीठ आपलंच. आणि सगळा डबा हो हो करायला लागला. इथे मला राहवलं नाही. मी म्हणलं त्यांची गार्ड नव्हती, ती आली की ८ सेकंदांचं गणित बदलतं, ४३ मधले वीस पॉइंट त्या लग्नाचे आहेत. झालं, सगळे माझ्यावर. पैज हरला म्हणून बोलतोय म्हणे.

मला वाचवलं चष्मिष्टने. हा पोरगा अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलचा किडा आहे, रात्री जागून बघतो. त्याने वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, १९९० च्या फायनलमध्ये लास वेगासच्या युनिव्हर्सिटीने ड्यूकला १०३-७३ ने मारलं. तीस पॉइंट. तिकडच्या पुरुषांच्या फायनलमध्ये एवढा मोठा फरक नंतर कधी झाला नाही. पुढच्या वर्षी सेमीफायनलला परत हीच दोन कॉलेजं समोरासमोर. लास वेगासवाले तोपर्यंत सीझनमधल्या ३४ च्या ३४ मॅचेस जिंकून आलेले. कोण जिंकलं? ड्यूक. ७९-७७. आणि मग फायनलही त्यांनीच मारली.

डबा एक मिनिट गप्प. मग गॅरेजवाला म्हणाला, लास वेगासला मिरची असते का? आणि परत गोंधळ.

पण माझं खरं दुखणं गार्ड नाहीच, ते वेगळंय, आणि ते सांगितल्यावर बेटावदपासून बराच वेळ माझ्याशी कोणी बोललं नाही. फ्री थ्रो. चष्मिष्टची वही मी मागून घेतली आणि मोजले. २२ मिळाले, ९ आत गेले. बावीसमध्ये नऊ! बोर्डापासून ४.६० मीटरवर उभं राहायचं, समोर कोणी हात वर करून उभं नाही, ५ सेकंद वेळ, रिंग जगात सगळीकडे त्याच ३.०५ मीटरवर. नंदुरबारची वाळू नाही, मिरची नाही, काही कारण नाही. वारा होता, पण वाऱ्याने तेरा हुकतात का? आणि यातले सहा काकांच्या पोरीचे हुकलेले, दहामधले सहा. ४३ ने जिंकलो म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. चारपाचच्या फरकाची मॅच असती तर हेच तेरा आपल्याला रडवून गेले असते, आणि विद्यापीठाच्या सेमीफायनलला ४३ चा फरक नसतो, चारपाचचाच असतो. मला माहितीये कारण मी असाच एक हुकवलाय. सेमीफायनल, शेवटचं मिनिट, एकाने मागे. पहिला आत गेला, दुसरा रिंगवर दोनदा उडून बाहेर. मग जादा वेळात हरलो. इतकी वर्षं झाली तरी रात्री कधीतरी तो बॉल रिंगवर उडतो.

ते डब्यात सांगितलं नाही, इथे लिहितोय.

काका एवढं ऐकून घेत होते, पोरगी शेजारीच खिडकीला डोकं टेकून झोपलेली. त्यांनी पिशवी उघडली. घरून आणलेली कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, सकाळपासून तशीच राहिलेली, कारण मॅचच्या आधी त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. सगळ्यांना वाटली, मला सगळ्यात मोठा तुकडा. मग म्हणतात, "दहामजार सहा?" मी म्हणलं हो काका, सहा. त्यांनी झोपलेल्या पोरीकडे बघितलं. म्हणाले, खळ्यात एक जुनी रिंग वेल्ड करून लावता येईल का, लोखंडी, उंची बरोबर घेऊन. गॅरेजवाला म्हणाला मी करून देतो, फक्त माप सांगा. मी माप सांगितलं. चष्मिष्टने ते वहीत लिहून पान फाडून दिलं.

अमळनेरला उतरताना काकांनी खिडकीतून हात आत घालून माझा खांदा धरला आणि म्हणाले, "बाकी काही बी राहो, तू हारना भो. शेवभाजी तुनी."

तर येत्या रविवारी शेवभाजी आहे, धाब्यावर. पैज एकाच माणसाशी होती हे मी ग्रुपवर तीन वेळा लिहिलं. आत्तापर्यंत चौदा जणांनी येतो म्हणून अंगठा दाखवलाय, त्यात सरही आहेत आणि ती फर्स्ट इयरची बास्केटवाली पोरगी मावशीला घेऊन येतेय.