जिमची आई

दहाव्या वर्षी मी जिम हॉकिन्स होते. सफरचंदाच्या पिंपात दडून मी चाच्यांचा कट ऐकला. खांद्यावर पोपट घेऊन कुबडीवर टणाटण चालणाऱ्या लाँग जॉन सिल्व्हरला मी भ्याले आणि मनातून त्याच्यावर लट्टूही झाले. या धामधुमीत जिमला एक आई होती, हे काही लक्षात राहिलं नाही. राहिली ती फक्त एक चीड. सुरुवातीला कुणीतरी पैसे मोजत बसतं आणि उगाच उशीर करतं, एवढंच आठवत होतं.

परवा जिमची ती कादंबरी, स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड', पुन्हा हातात घेतली, आता चष्मा लावून. आणि चौथ्या प्रकरणातच रुतले.

प्रसंग असा. जिमच्या आईवडिलांच्या सराईमध्ये महिनोन् महिने पैसे न देता राहिलेला म्हातारा खलाशी मरून पडला आहे. त्याची पेटी लुटायला चाचे रात्री येणार आहेत. जिमची आई मदत मागायला शेजारच्या वस्तीत जाते, पण एकही पुरुष बरोबर यायला तयार होत नाही. ती त्यांना भित्रे म्हणून सुनावते, बापाविना पोरक्या झालेल्या माझ्या मुलाचा पैसा मी सोडणार नाही म्हणते, आणि क्रॉसले नावाच्या बाईंकडून एक पिशवी मागून घेते. आपले हक्काचे पैसे आणायला पिशवी हवी ना! मग माय-लेक दोघंच अंधारातून परततात. पेटी उघडते. आत स्पॅनिश, फ्रेंच, कुठकुठली नाणी एकत्र कालवलेली. आईला हिशेब येतो तो फक्त गिनी या इंग्रजी नाण्यात, आणि गिन्याच सगळ्यांत कमी. तरी ती एकेक वेचून मोजत बसते. येणं असेल तेवढंच घेणार, त्यावर कवडी नाही. बाहेर गोठलेल्या रस्त्यावर प्यू नावाच्या आंधळ्या चाच्याची काठी टकटक वाजते, जिम म्हणतो सगळंच उचल आणि चल, आणि बाई म्हणते अजून सातसुद्धा वाजले नाहीत, माझा हक्क मला ठाऊक आहे.

दहाव्या वर्षी मी ओरडले असणार, ऊठ ना गं बाई!

या वेळी मी पान उलटून मागे गेले. नवऱ्याला माती देऊन किती दिवस झाले होते, ते बघायला. आंधळा प्यू सराईच्या दारात आला, तो अंत्यविधीनंतरचा दुसरा दिवस होता. म्हणजे पेटीपुढे बसलेली ही बाई नुकती विधवा झालेली आहे. त्या खलाशाकडे थकबाकी मागायचं धाडस नवऱ्याला शेवटपर्यंत झालं नव्हतं. ते काम आता तिच्याकडे आलं आहे, आणि ते ती मेलेल्या माणसाच्या पेटीपुढे बसून करते आहे. जिम पुढे सांगतो की आईच्या प्रामाणिकपणाला आणि हावरेपणाला मी मनात फार दोष दिला. दोन्ही शब्द एकाच दमात. वाचताना मी थांबले, कारण हे दोन गुण एकाच बाईत कसे नांदतात ते मला आता पुरतं ठाऊक आहे. महिनाअखेरीला आरशातही दिसतात.

आणि गंमत पुढेच आहे. शीळ ऐकून आई अर्ध्यावर उठते, आहे तेवढं घेते म्हणते. तेव्हा हिशेब पुरा करायला म्हणून जिम पेटीतलं मेणकापडाचं पुडकं उचलतो. खजिन्याचा नकाशा त्या पुडक्यात असतो! आईने मूठभर नाणी ओरबाडून पळ काढला असता तर ते पुडकं कुणी उचललं असतं का, कोण जाणे. जहाज, बेट, खजिना, सगळं एका बाईच्या अपुऱ्या राहिलेल्या हिशेबावर उभं आहे.

स्टीव्हन्सनने ही गोष्ट 1881 साली लिहायला घेतली, स्कॉटलंडमधल्या एका पावसाळी सुट्टीत, तेरा वर्षांच्या सावत्र मुलासाठी. आधी नकाशा काढला आणि मग त्यातून गोष्ट निघाली, हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्याने पुढे लिहून ठेवलं आहे की गोष्ट मुलग्यांसाठी होती, म्हणून बायका वगळायच्या ठरल्या होत्या. ठरल्या होत्या खऱ्या. पण मोजायला कुणीतरी लागतंच.

त्याच आठवणीतली दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. त्या पेटीत काय काय होतं, ही यादी स्टीव्हन्सनच्या वडिलांनी बनवली. दीपगृहं बांधणारा साठी उलटलेला इंजिनिअर दिवसाचा बराच वेळ घालवून एका पाकिटाच्या पाठीवर यादी करत बसला, आणि मुलाने ती जशीच्या तशी गोष्टीत उतरवली. पेटीत सगळ्यांत वर एक उत्तम पोशाख आहे, झटकून, घडी घालून ठेवलेला. तो कधी अंगाला लागलेला नाही हे जिमच्या आईच्या लक्षात येतं. लहानपणी ही ओळ मी वाचली असेल तरी वाचलेली नाही. न वापरलेले कपडे घडी करून ठेवणारा चाचा त्या वयात कुणाला कळतो?

आता थोडं माझ्या बाजूनेही बोलते. लहानपणीची माझी प्रत संक्षिप्त होती. दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिलं, तर बापाचं मरण एका वाक्यात आटोपलेलं, पोशाख गायब, गिन्यांची भानगड गायब. मुलांना एवढं कशाला, असं कुणा मोठ्या माणसाने ठरवलं आणि कात्री नेमकी मोठ्या माणसांवरच चालवली.

तरी सगळा दोष कात्रीवर ढकलता येत नाही. 'पिनोकिओ' मी अख्खं वाचलं होतं आणि लक्षात राहिलं काय, तर खोटं बोललं की वाढणारं नाक. म्हातारा बाप गेपेट्टो त्या लाकडी पोरासाठी अंकलिपी आणायला जातो आणि बर्फ पडत असताना नुसत्या सदऱ्यावर परत येतो. कोट कुठे, असं विचारलं तर म्हणतो, विकला, फार उकडत होतं त्यात. हे सगळं तिथेच होतं, कुणी कापलं नव्हतं. मी मात्र पोराबरोबर ती अंकलिपी विकून कठपुतळ्यांचा खेळ बघायला पळाले होते. लेखक कोलोडीने ही गोष्ट साप्ताहिकात लिहिताना पोराला झाडाला लटकवून एकदा संपवलीही होती. मागणी झाली म्हणून पुढे लिहिली. नाक वाढलं तेवढीच शिक्षा बस झाली, असं मला वाटायचं. परवा मात्र त्या कोटाशी आले आणि लटकवण्याबद्दलचं माझं मत क्षणभर डळमळलं.

सगळी पुस्तकं असं काही परत देत नाहीत. एक तर, जे मी पाच-सहा वेळा पारायण केलं होतं, ते चाळीस पानांत मिटलं. त्याचं नाव सांगत नाही. त्याचे उपकार आहेत माझ्यावर.

'ट्रेझर आयलंड'कडे मात्र पुन्हा आले, कारण एक गोष्ट शोधायची होती. सफरीला निघण्याआधी जिम घरी येतो, तेव्हा आईच्या मदतीला ठेवलेला एक धांदरट मुलगा त्याला दिसतो. आपल्या जागी आता हा, हे कळून जिम पहिल्यांदा रडतो. एवढं झाल्यावर शेवटी तो तिच्याकडे परतलेला दिसेल ना! शेवटचं पान दोनदा वाचलं. कॅप्टन निवृत्त झाला. ग्रे नावाचा खलाशी एका जहाजाचा भागीदार झाला. बेटावर सापडलेल्या बेन गनने हजार पौंड एकोणीस दिवसांत उडवले. सिल्व्हर पळाला, त्यालाही त्याची बायको भेटली असावी असं जिमला वाटतं. सिल्व्हरच्या बायकोला जागा आहे. आईबद्दल अक्षर नाही.

आणि क्रॉसलेबाईंच्या त्या पिशवीचं काय झालं, तेही कुणी सांगत नाही. परत गेली असणार. धुऊन, घडी घालून.