राजीनाम्यापासून सुरू होणारे प्रेम

बलाढ्य बॉस आणि त्याच्या हाताखाली काम करणारी तरुणी यांच्या प्रेमाची कोरियन मालिका आली की प्रेक्षकांत दोन तट पडतात. एका तटाला नायकाचा रुबाब आणि फक्त नायिकेसमोर उघडे पडणारे त्याचे हळवेपण आवडते; दुसऱ्या तटाला प्रश्न पडतो की, ज्याच्या सहीने पगार होतो त्याने प्रेम मागितले तर नकार देण्याची मोकळीक उरते कुठे? पहिल्यांना भाबडे आणि दुसऱ्यांना रसभंग करणारे ठरवून हा वाद बहुधा मिटवला जातो, आणि तसे करणे मला दोघांवरही अन्यायाचे वाटते. एकाच प्रेक्षकाच्या मनात, एकाच प्रसंगाला, या दोन्ही प्रतिक्रिया उमटू शकतात. माझ्या मनात त्या उमटतात.

२०१८ मध्ये टीव्हीएन वाहिनीवर आलेल्या ‘व्हॉट्स राँग विथ सेक्रेटरी किम’ या मालिकेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. पार्क सो-जून याने साकारलेला उपाध्यक्ष ली यंग-जून कमालीचा आत्ममग्न आहे आणि पार्क मिन-यंग हिने साकारलेली सचिव किम मी-सो नऊ वर्षे त्याचे दैनंदिन आयुष्य चालवत आली आहे. वडिलांचे कर्ज आणि बहिणींच्या वैद्यकीय शिक्षणाचा खर्च यांतून मोकळी झाल्यावर आता स्वतःसाठी जगायचे, असे ठरवून ती नोकरी सोडायला निघते आणि कथा तेथून सुरू होते. त्याचा लग्नाचा पहिला प्रस्तावसुद्धा तिला थांबवण्याच्या खटपटीतूनच पुढे येतो आणि ती तो स्वीकारत नाही. ही मांडणी अनेकांना का भावली असावी, याचे उत्तर मला त्या राजीनाम्यात दिसते. जिने जाण्याचा निर्णय आधीच जाहीर केला आहे, तिला नोकरी जाण्याच्या भीतीने गप्प बसवता येत नाही. त्यामुळे तिच्या पुढच्या होकाराला वजन येते आणि प्रेक्षकाला त्या प्रेमावर निर्धास्तपणे विश्वास ठेवता येतो.

दक्षिण कोरियातील प्रेक्षकांसाठी हा विश्वास सहज येणारा नाही, हे विसरता कामा नये. मोठ्या उद्योगसमूहांची सूत्रे तेथे पिढ्यानपिढ्या एकेका घराण्याकडे राहतात आणि पडद्यावरचा राजबिंडा वारसदार ज्या वर्गातून येतो, त्याच वर्गातील माणसे बातम्यांतही दिसतात. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर, सुकामेवा बशीत न देता पाकिटात दिला म्हणून एका विमान कंपनीच्या अध्यक्षांच्या मुलीने, जी स्वतः त्या कंपनीत उपाध्यक्ष होती, निघालेले विमान परत फिरवायला लावले होते. त्या प्रकाराने देशभर संताप उसळला. जानेवारी २०१८ मध्ये सो जी-ह्यन या सरकारी वकील महिलेने वरिष्ठाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल दूरचित्रवाणीवर सांगितले आणि तेथील मी-टू चळवळीने जोर धरला. पुढे कामाच्या ठिकाणच्या छळाला मनाई करणारी कायद्यातील दुरुस्ती १६ जुलै २०१९ पासून लागू झाली. हे सारे ठाऊक असलेला प्रेक्षक संध्याकाळी तीच मालिका आवडीने पाहतो, तेव्हा तो वास्तव विसरलेला नसतो. अधिकार असलेला माणूस ऐकून घेईल, चूक कबूल करील आणि बदलेल, ही कार्यालयात दुर्मीळ असलेली गोष्ट त्याला निदान पडद्यावर तरी पाहायची असते. या इच्छेला मी भाबडेपणा म्हणणार नाही.

बदल प्रेक्षकांच्या सहनशीलतेतही झाला आहे. नायिकेचे मनगट धरून तिला ओढत नेणारा नायक एकेकाळी या मालिकांचे ठरलेले दृश्य होते. आज तेच दृश्य पाहताना अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात आणि ती मला योग्य वाटते अशी प्रतिक्रिया आहे.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. अशा नायकाच्या वागण्यामागे बालपणीची एखादी जखम दाखवली की प्रेक्षक द्रवतात. यंग-जूनच्या बाबतीत लहानपणीचे अपहरण येते आणि त्याच्याविषयी वाटणारी करुणा खरीच असते. पण त्या जखमेचा आणि सचिवाच्या नऊ वर्षांच्या अवेळी कामाचा हिशेब एका वहीत मांडता येत नाही. तिने खर्ची घातलेल्या संध्याकाळी त्याच्या दुःखामुळे परत येत नाहीत.

२०२४ च्या ‘क्वीन ऑफ टिअर्स’मध्ये सत्ता स्त्रीच्या हाती आहे. डिपार्टमेंट स्टोअरची प्रमुख हाँग हे-इन आणि त्याच समूहात विधी विभागाचा संचालक असलेला तिचा नवरा बेक ह्यन-वू यांच्या या कथेत तो सुरुवातीलाच घटस्फोटाच्या विचारात असतो, म्हणजे येथेही हाताखालचा माणूस आधी बाहेर पडायला निघतो. ही मालिका टीव्हीएनच्या इतिहासात सर्वाधिक प्रेक्षकसंख्या मिळवणारी ठरली. सासरच्या श्रीमंत घरात दबून राहणाऱ्या जावयाविषयी प्रेक्षकांना वाटलेली कणव पाहता, त्यांची सहानुभूती कमी अधिकार असलेल्या माणसाकडे वळते, मग तो पुरुष असो वा स्त्री, असे मला वाटते.

मी-सो मात्र शेवटी राजीनामा मागे घेते, त्याच पदावर राहते आणि त्याच माणसाशी लग्न करते. विवाहाच्या दृश्याने सुखावलेल्या प्रेक्षकांपैकी मीही एक आहे. तरीही तिची पगारवाढ यापुढे कोण ठरवणार, तिच्या कामातील चूक कोण दाखवणार आणि सहकारी तिच्यासमोर साहेबांविषयी मोकळेपणाने बोलू शकतील का, याची उत्तरे मला त्याच मालिकेत, त्याच कार्यालयात हवी होती.