पंप बंद पडल्यावर पाणी कुठे जातं

गेल्या जूनमध्ये पहिल्या वादळी पावसाच्या रात्री कोपरखैरण्यात आमच्या बाजूची लाइट गेली. थोड्या वेळाने पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये पाय थेट पाण्यात. अण्णा दिवाणावर उठून बसलेले, हातात टॉर्च, आणि टॉर्चचा झोत माशांच्या टँकखालच्या कपाटावर. कपाटातल्या सम्पच्या, म्हणजे टँकचं पाणी ज्यात उतरतं आणि पंपाने पुन्हा वर जातं त्या खालच्या टाकीच्या, काठावरून पाणी हळूहळू ओघळत होतं. वर टँकमध्ये पाणी जवळजवळ चार बोटं उतरलं होतं आणि एंजल फिश एका कोपऱ्यात दाटीने उभे होते.

पंप बंद असताना पाणी वाहतं कसं, हे तेव्हा मला कळेना. अण्णांनी एका वाक्यात सांगितलं, "अगं, ज्या पाइपने चढतं त्याच पाइपने उतरतं."

अण्णांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात पंप ऑपरेटर म्हणून उभी नोकरी केली. टँक घेताना मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, याची मला आजही रुखरुख आहे. मी काचेचा, माशांचा, दिव्यांचा विचार केला. सम्पमधलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप दुकानदाराने दिला तो घेतला, आणि पाइप सोसायटीच्या प्लंबरकाकांनी त्यांच्याकडे होता तो अर्धा इंची जोडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टेप आणि वही घेऊन बसलो. माझा टँक 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सुमारे 255 लिटर. पाण्याचा पृष्ठभाग एवढा मोठा, की पातळी एक सेंटिमीटर उतरली की साडेपाच लिटर पाणी खाली येतं. पंपाच्या पाइपचं तोंड पाण्याखाली 5 सेंटिमीटर होतं. वीज गेली की पाइप सायफनसारखा उलटा वाहायला लागतो आणि तोंड उघडं पडून हवा शिरेपर्यंत थांबत नाही. म्हणजे 28 लिटर. सम्पमध्ये मोकळी जागा होती 23 लिटरची. उरलेलं लादीवर. वहीत हा हिशेब मांडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दुकानदाराने मला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवा असं सांगितलं होतं. तो बसवलेलाच होता. उघडून पाहिला तर त्याच्या झडपेत शेवाळाचा तंतू आणि एक इवलीशी गोगलगाय अडकलेली, झडप अर्धी उघडी. स्वच्छ पाण्याच्या लाइनवर एनआरव्ही ठीक आहे, पण माशांच्या पाण्यात तो कधीतरी अडकणारच. त्यावर सगळी भिस्त ठेवू नये असं माझं ठाम मत झालंय. मी तो काढून टाकला.

मग पंपाकडे वळलो. खोक्यावर लिहिलेलं 2000 लिटर प्रति तास. तो आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा असतो. त्याच खोक्यावर बारीक अक्षरात 'मॅक्स हेड 2 मीटर' असतं, म्हणजे 2 मीटरवर पाणी पोचेल पण धार शून्य. आपलं काम या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असतं. आणि उंची मोजायची ती पंपापासून नाही, सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून टँकमधल्या पातळीपर्यंत. माझ्याकडे ती जेमतेम तीन फूट भरली.

अण्णा म्हणाले, "पंप काय बघतेस, आधी पाइप बघ." वरचा बेंड चिकटवलेला नव्हता, नुसता दाबून बसवलेला होता. तो बाहेर वळवून टँकच्या काठाशी पाच लिटरचा कॅन धरला आणि मोबाइलवर वेळ लावली. कॅन भरायला 24 सेकंद. म्हणजे तासाला 750 लिटर. गोड्या पाण्याच्या टँकला तासाला चार-पाच वेळा पाणी फिरावं असं मी धरते. इथे तीन वेळा फिरत होतं. अर्धा इंची पाइप आणि पाच एल्बो. काटकोनातल्या प्रत्येक वळणावर पाण्याचा जोर खर्ची पडत होता.

मी नवा, मोठा पंप घ्यायला निघाले होते, वाशीला गाडी बदलून कुर्ल्याला जायचं ठरलंही होतं. अण्णांनी थांबवलं. पंप तोच ठेवून पाइप एक इंची केला, पाच एल्बोंच्या जागी 45 अंशाचे दोन बेंड आणि वर एकच काटकोन. कॅन 15 सेकंदांत भरला. तासाला 1200 लिटर. एक नवा पैसा पंपावर खर्च झाला नाही.

त्या कामात एक चूक माझी झाली, ती मुद्दाम सांगते कारण ती कुणाचीही होईल. युनियन (हाताने खोलून पुन्हा जोडता येणारा सांधा) आणि बॉल व्हॉल्व्ह एका हार्डवेअरवाल्याकडून घेतले, एक इंची प्लंबिंगचे. पाइप दुसऱ्याकडून आणला, तो निघाला 32 एमएमचा, शेतीच्या लाइनला वापरतात तो. दोन्हीला दुकानात "एक इंच"च म्हणतात. पण प्लंबिंगच्या एक इंची यूपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास 33.4 एमएम असतो. दीड एमएमचा फरक डोळ्याला दिसत नाही. पाइप फिटिंगमध्ये सैलसर गेला, मी चिकटवायचं सोल्युशन भरपूर लावलं आणि जॉइंट बसला असं समजले. बाल्कनीत बादलीतलं पाणी फिरवून बघितलं तेव्हा युनियनच्या खाली एक थेंब जमायचा, फुगायचा, पडायचा. पुसला की पुन्हा. अण्णांनी बोटाने तो थेंब टिपला आणि म्हणाले, "ताई, हा जॉइंट कापावा लागेल." लहानपणापासून ते मला रागावले की नाही, पण समजवायचं असलं की ताई म्हणतात. कापला. सगळं एकाच दुकानातून, एकाच मापाचं पुन्हा आणलं. पाइप नीट काटकोनात कापायचा, कापलेल्या कडेचे कंगोरे पॉलिश पेपरने घासायचे, सोल्युशन दोन्हीकडे लावून पाव फेरा फिरवत आत ढकलायचं आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं, नाहीतर पाइप हळूच मागे सरकतो. त्यानंतर 24 तास माशांचं पाणी लावायचं नाही.

पंपाच्या लगेच वर युनियन हवीच. पंप दर तीन-चार महिन्यांनी काढून साफ करावा लागतो. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्याच्या, सिरॅमिक दांड्यावर क्षाराचा पांढरा थर बसतो, तो पाण्यात लिंबूफुलं घालून भिजवला की सुटतो. युनियन नसली तर दरवेळी पाइप कापावा लागेल.

अण्णा हॉलमध्येच झोपतात. आधी रात्रभर कपाटातून घूं असा आवाज यायचा आणि ते कधी बोलले नाहीत. पंप आणि कडक पाइप यांच्यामध्ये चार इंच सिलिकॉनची नळी घातली, पंपाखाली स्पंजची पट्टी ठेवली, आणि कपाटाच्या प्लायला पाडलेलं भोक थोडं मोठं केलं, म्हणजे पाइप लाकडाला कुठेच टेकत नाही. आवाज पंपाचा कमी आणि टेकलेल्या लाकडाचाच जास्त होता.

पुढे कधी पंप बदलला तर कमी वीज खाणारा डीसी घेईन. हा एसी पंप 40 वॅटचा आहे, चोवीस तास चालून महिन्याला जवळजवळ 29 युनिट होतात. शिवाय साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो गुरगुरतो आणि तापतो. कूलरचा पंप स्वस्तात लावणारे मी पाहिलेत. रात्रंदिवस चालायला तो बनलेला नसतो, तो लावू नका. वायर सॉकेटच्या खाली झोल सोडून मग वर न्या, म्हणजे थेंब प्लगपर्यंत जात नाही. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, नसेल तर मासे नंतर, आधी तो.

आता सायफन. वरच्या बेंडला पाण्याच्या पातळीखाली दीड सेंटिमीटरवर 3 एमएमचं भोक पाडलं. पंप चालू असताना त्यातून बारीक धार टँकमध्येच पडते. पंप थांबला की पाणी भोकापर्यंत उतरतं, भोक हवा ओढतं, सायफन तुटतो. साडेआठ लिटर आणि पाइपांमधलं पाणी धरून बारा लिटरच्या आत खाली येतं. सम्पमध्ये त्याने पाच सेंटिमीटर पातळी चढते. चढलेल्या पातळीच्या जरा वर काचेवर लाल टेप लावली. नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवून घालते तेव्हा पंप बंद करून टेपच्या आत आहे ना ते बघूनच थांबते. ते भोक शेवाळाने बुजतं, म्हणून दर रविवारी टूथपिकने साफ करते.

परवा पहाटे तीनला पुन्हा लाइट गेली. मी उठले तोवर अण्णा टॉर्च घेऊन कपाटापाशी बसलेले. वर बेंडमधून हवा ओढल्याचा आवाज आला आणि थांबला.

"टेपच्या एक बोट खाली," ते म्हणाले. "झोप आता."