वॉटर्लूचा चढ पटावर मावत नाही

वॉटर्लूची लढाई युद्धखेळाचा पट मांडून टेबलावर इतक्या वेळा खेळलोय की ऊगूमाँचा वाडा कुठे नि ला ए सँतचा कुठे, हे डोळे मिटूनही सांगेन. त्यामुळे बेल्जियममधलं ते रणांगण बघताना सगळं ओळखीचं वाटणार, याची मला खात्री होती.

आधी लढाईचं स्मारक म्हणून रचलेल्या सिंहाच्या टेकडीवर चढलो. २२६ पायऱ्या. वरून दक्षिणेकडे बघितलं तर अगदी आमचा पटच! उजव्या हाताला ऊगूमाँ, डावीकडे ला ए सँत, समोर फ्रेंचांची बाजू.

मग खाली उतरून पलीकडे फ्रेंचांच्या बाजूच्या ला बेल अलियान्स या जुन्या खाणावळीपाशी गेलो आणि फ्रेंच पलटणी आल्या त्या दिशेने चालू लागलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. शेताच्या कडेने शंभर पावलं गेलो नाही तोच बुटांना चिकणमातीचे गोळे लागले. १८ जून १८१५ ला अशाच चिखलामुळे नेपोलियनने हल्ला साडेअकराच्या सुमारापर्यंत लांबवला होता. पटावर हा चिखल म्हणजे 'चाल निम्मी', बस्स. पाय उचलताना त्या निम्म्याचा अर्थ कळतो.

खरा धक्का पुढे होता. जमीन आधी खोलगट होत गेली, मग समोर चढ आला आणि त्या चढाच्या माथ्यापलीकडचं काही म्हणजे काही दिसेना. नेपोलियनविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश आणि दोस्त फौजेचा सेनापती वेलिंग्टन, त्याने आपलं बरंचसं सैन्य याच माथ्यामागे ठेवलं होतं. संध्याकाळी नेपोलियनची निवडक फौज, इंपीरियल गार्ड, चढून आली, तेव्हा वेलिंग्टनच्या बाजूच्या मेटलंड या अधिकाऱ्याचे शिपाई आडोशाला पडून होते. ते एकदम उठले आणि अगदी जवळून बार काढले. टेबलावर मला ते शिपाई पहिल्या चालीपासून दिसत आलेत!

ऊगूमाँलाही तेच. बागेच्या विटांच्या भिंतीला जंग्या, म्हणजे बंदूक रोखायची भोकं, आहेत. वाकून एकीला डोळा लावला, पलीकडे मोकळं शेत. तेव्हा तिथे झाडी होती. फ्रेंच शिपाई तिच्यातून बाहेर पडले की थेट या भिंतीसमोर.

राइसविट्झ या प्रशियन बापलेकांना हे नेमकं कळलं होतं. मुलाने १८२४ मध्ये प्रशियन सैन्यापुढे मांडलेल्या क्रीगस्पील या युद्धखेळात दोन्ही बाजूंच्या मधे पंच असतो, आणि ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच तो दाखवतो. आम्ही सोयीसाठी पंच काढून टाकला, आणि त्यासोबत लढाईतली भीतीच काढून टाकली, असं मला आता वाटतं.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. १८२६ मध्ये पुरी झालेली ती सिंहाची टेकडी रचताना माती इथलीच, वेलिंग्टनच्या चढाची, खणून नेली. म्हणजे मी चढलो तो चढ मुळातल्यापेक्षा कमीच होता, आणि तरीही त्याने माझ्यापासून सगळं लपवलं.

पुढच्या डावात माथ्यामागच्या पलटणी पटावर मांडायच्या नाहीत, असं मी ठरवलंय. कागदावर लिहून पंचाच्या हातात द्यायच्या. पंच व्हायला मी तयार आहे.