बारावे कलम

कोल्हापुरात वकिली करताना माझे बहुतेक दिवस जमिनीच्या आणि भाडेकराराच्या कागदांत जातात. त्यामुळे ज्याचा खेळ मी शाहू स्टेडियमवर प्रेक्षकांत बसून पाहिला होता, तो वीस वर्षांचा फुटबॉल बचावपटू वडिलांना घेऊन परदेशी क्लबचा १६ पानी करार दाखवायला आला, तेव्हा मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सही हवी, असे एजंटाने बजावले होते. "पोराचं नशीब उघडलंय साहेब, फक्त एकदा नजर टाका," वडील म्हणाले.

एजंटाचे नाव फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, परवानाधारकांच्या यादीत सापडले, तेवढा दिलासा मिळाला. पगाराचा आकडा बापलेकांना तोंडपाठ होता. तो कर वजा जाता हातात पडणारा की त्याआधीचा, हे मात्र करारात कुठेच नव्हते. खरी गोम बाराव्या कलमात होती : खेळाडू तिथे पोहोचून वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाला, तरच करार अमलात येणार होता. म्हणजे मुलाने पेठेचा संघ सोडायचा, पदरच्या पैशाने तिकीट काढायचे आणि गुडघ्याच्या एखाद्या अहवालावर बोट ठेवून क्लबने त्याला परत पाठवले, तर निमूट परत यायचे.

फिफाच्या खेळाडू-हस्तांतर नियमावलीतील १८ व्या कलमानुसार वैद्यकीय तपासणी किंवा वर्क परमिट यांवर कराराची वैधता अवलंबून ठेवता येत नाही. तपासणी क्लबने आधीच उरकायची असते. पण शेवटच्या पानावर वाद फक्त तिथल्या स्थानिक न्यायालयात चालवण्याची अट होती. खेळाडूला फिफाच्या न्यायाधिकरणाकडे शुल्क न भरता दाद मागता येते आणि या मुलासाठी तोच एक परवडणारा मार्ग होता. वडिलांना हे समजावताना मला दोनदा थांबावे लागले, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

मुलाने मात्र शांतपणे विचारले, "सर, आपण त्यांना हे लिहून कळवलं, तर ते मला घेणारच नाहीत का?"

तशी शक्यता आहे, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "लिहा." एजंटाला वगळून आम्ही थेट क्लबच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल पाठवला. नवव्या दिवशी सुधारित करार आला. त्यात बारावे कलम नव्हते, वाद फिफाकडे नेण्याची तरतूद होती आणि पगार कर वजा जाता हाती मिळेल, असेही लिहिले होते. परतीचे तिकीट मात्र क्लबने नाकारले होते. त्याचे पैसे बाजूला ठेवूनच वडिलांनी मुलाला सही करू दिली.